किल्ली कुणाच्या कमरेला?

पिंपळे गुरवला काटेपुरम चौकाकडून डायनासोरच्या बागेकडं चालत निघा आणि पाट्या वाचत चला. 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' आत एक पोरगा, एक झेरॉक्स मशीन, भिंतीवर कॅलेंडर आणि टेबलावर एक वही. दोनशे पानी, लांबट, कव्हर फाटलेलं. दोस्तहो, झेरॉक्सबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला त्या वहीबद्दल बोलायचंय.

त्या वहीत तुमच्या बहिणीचं महाडीबीटीचं युजरनेम आहे आणि पासवर्डही आहे. तुमच्या बापाचा पीएफचा यूएएन आहे. जातीच्या दाखल्यासाठी 'आपले सरकार'वर उघडलेलं खातं आहे, डिजिलॉकर आहे, ईमेल आहे. सगळं बॉलपेननं, एकाखाली एक. आणि आपल्या घरात ते कुठंच लिहिलेलं नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता का अडकला म्हणून विचारायला गेलं की पोरगा वही ओढतो, बोटाला थुंकी लावून पानं उलटतो आणि म्हणतो, "उद्या या, सर्व्हर डाऊन हाय." पन्नास रुपये. उद्या गेलं की पुन्हा पन्नास.

या पोराला शिव्या घालायला मी लेखणी उचललेली नाही. तो आपलाच आहे. बीकॉम झाला, नोकरी नाही, टपरीएवढ्या गाळ्याचं भाडं भरतो. शिव्या द्यायच्याच तर त्या वहीला द्या. कारण ही वही मी ओळखतो. माझ्या आज्यानं ती पाहिली होती, तेव्हा तिला दप्तर म्हणत आणि ती कुलकर्ण्याच्या काखेत असे. जमीन कुणाची, शेतसारा किती भरला, कर्ज किती फिटलं, सगळं त्यात. वाचता येणारा एक, अंगठा उठवणारे शंभर. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो या कागद राखणाऱ्या जमातीच्या पाठीवर उगाच ओढला नव्हता. दप्तर ज्याच्या हातात, त्याचाच शब्द खरा. कुलकर्णी वतन कायद्यानं गेलं. वही राहिली. आणि आता आपण शिकलेसवरलेले, इंजिनिअरिंग केलेले, आयटीआय केलेले, खिशात वीस हजाराचा मोबाइल घेऊन त्या वहीपुढं उभे राहतो. याची लाज वाटत नसेल तर पुढं वाचू नका.

माझं सांगतो. चाकणला एका कारखान्यात मी ठेकेदाराच्या हजेरीवर होतो. दर महिन्याला पगारातून पीएफचे बारा टक्के कापले जायचे. यूएएन उघडताना ठेकेदाराच्या माणसानं मोबाइल नंबर टाकला तो स्वतःचा. "तुमची पोरं नंबर बदलतात, नंतर आम्हाला त्रास," असं म्हणाला. दोन वर्षांनी ठेका बदलला, माणूस गेला, नंबर बंद पडला. माझा पैसा माझ्या नावावर, आणि दार उघडणारा ओटीपी एका मेलेल्या सिमकार्डावर! चार महिने मी खेटे घातले. आमच्या लाइनवर असे अकरा जण निघाले. ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती पेटी, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही, त्या चार महिन्यांनी शिकवलं.

मग करायचं काय? घरी वही ठेवायची? ठेवा, मी नको म्हणत नाही. दुकानातल्या वहीपेक्षा ट्रंकेतली वही शंभर पटीनं बरी. पण दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, पवनेला पूर आला की काठच्या वस्तीत पाणी शिरतं, आणि तळेगावला सेकंड शिफ्टला असताना ट्रंक सोबत नेता येत नाही. शिवाय वहीत लिहायचं म्हटलं की माणूस सोपं लिहितो. सगळीकडं एकच. त्यातही आपल्या पोरांची कमाल अशी की निम्म्यांचा पासवर्ड 'जयभीम' आणि पुढं १९५६ नाहीतर १४०४१८९१. अरे, ही तारीख साऱ्या जगाला ठाऊक व्हावी म्हणून आपण दरवर्षी मिरवणूक काढतो, आणि तीच कुलूप म्हणून लावतो!

यासाठी पासवर्ड मॅनेजर नावाची चीज आहे. तिला आपण पासवर्डची पेटी म्हणू. मी वापरतो ती कीपास. डॉमिनिक राइखल नावाच्या जर्मन माणसानं २००३ साली केलेली, फुकट, आणि तिची आतली घडण कुणालाही तपासता येईल अशी उघडी. कीपासएक्ससी हे तिचंच भावंड, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं. मोबाइलला कीपासडीएक्स. सगळे पासवर्ड एका छोट्या फाइलमध्ये बंद होतात. त्या फाइलचं आडनाव केडीबीएक्स. एका मोठ्या किल्लीनं ती उघडते, म्हणजे एकच पासवर्ड तुम्ही पाठ करायचा. बाकी महाडीबीटीचा, पीएफचा, बँकेचा, प्रत्येकाचा वेगळा, वीस अक्षरांचा गिचमिड पासवर्ड पेटीच तयार करते आणि तीच ध्यानात ठेवते. ही फाइल चोरली तरी चोराला नुसता कचरा दिसतो. आणि तिचं कुलूप मुद्दाम जड केलेलं असतं. एकेक किल्ली फिरवून बघायची तर दर वेळी कॉम्प्युटरला वेळ आणि मेमरी खर्च करावी लागते, म्हणजे लाखो किल्ल्या झपाट्यानं फिरवणाऱ्याचं कंबरडं मोडतं.

इथं आमचा एक मित्र, हिंजवडीला आयटीत आहे, हसला. म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? क्रोमला 'सेव्ह पासवर्ड' म्हण, सगळीकडं आपोआप येतात." त्याचं बरोबर आहे. त्याच्यापुरतं. त्याच्याकडं त्याचा लॅपटॉप आहे, त्याला कुणी हात लावत नाही, त्याच्या बेडरूमला आतून कडी आहे. आमच्या अभ्यासिकेत तीन कॉम्प्युटर आणि चाळीस पोरं. तिथल्या क्रोममध्ये तू तुझ्या खात्यानं शिरलास आणि सिंक चालू केलंस, की तुझे सगळे पासवर्ड त्या मशीनवर उतरले. उठताना विसरलास, की पुढचा पोरगा पीएफचं पान उघडतो आणि तुझं नाव, तुझा पासवर्ड हात जोडून हजर. सेटिंगमध्ये गेला तर अख्खी यादी. विंडोजचा पासवर्ड आड येईल म्हणशील, तर तो आमच्याकडं भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. या वस्तू बनवणाऱ्यांनी एक माणूस, एक मशीन, एक खोली असं जग धरलेलं आहे. सहाजणांत एक लॅपटॉप, कॉट बेसिसवर झोपणं, शिफ्टप्रमाणं मशीन हातात येणं, हे त्यांच्या हिशोबात नाही. म्हणून आपला हिशोब आपणच मांडायचा.

मला रोज दोन कॉम्प्युटर आणि एक मोबाइल लागतो. घरचा सेकंडहँड लॅपटॉप भावाचा आणि माझा, दुसरा अभ्यासिकेतला. पेटी तिन्हीकडं सारखी पाहिजे, नाहीतर आज इथं बदललेला पासवर्ड उद्या तिथं जुनाच. म्हणून ती फाइल मी क्लाउडवर ठेवतो. क्लाउड म्हणजे ढग बिग काही नाही, परक्याच्या जागेतला परक्याचा कॉम्प्युटर. गुगल ड्राइव्ह पंधरा जीबी फुकट देतं, ड्रॉपबॉक्स दोन. पेटीला एवढं काही लागत नाही, तिचं वजन एखाद्या फोटोपेक्षाही कमी.

"म्हणजे शेवटी अमेरिकन भांडवलदाराच्याच वाड्यावर गेलास की!" असं मंडळातला एक जण ओरडला. गेलो. ट्रंक त्याच्या ओसरीवर ठेवली, किल्ली माझ्या डोक्यात. उद्या त्यानं ट्रंक उचकटायची म्हटलं तरी आत त्याला गिचमिड मिळेल. सरकारनं त्याच्याकडून ती मागून घेतली तरी तेच. ओसरी कुणाची यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, किल्ली कुणाची यावर भांडा. पासवर्ड वॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणारे, वहीचा फोटो काढून गॅलरीत ठेवणारे क्रांतिकारक मला ठाऊक आहेत. त्यांनी किल्ली आणि ट्रंक दोन्ही ओसरीवर ठेवली आणि वर घोषणा दिल्या.

ओसरी फुटते, हे धरूनच चालायचं. लास्टपास नावाची मोठी कंपनी, हाच धंदा. २०२२ साली तिच्यात चोर शिरले, आणि २२ डिसेंबरला तिनं कबूल केलं की गिऱ्हाइकांच्या पेट्यांच्या प्रती क्लाउडमधून कुणी उचलून नेल्या. आतले पासवर्ड बंद होते, पण कोण कुठल्या साइटवर जातो ते पत्ते उघडे होते. ज्यांची मोठी किल्ली दणकट होती त्यांना झोप लागली. ज्यांची फुसकी होती त्यांना तिथले सगळे पासवर्ड बदलत बसावं लागलं. म्हणजे सगळा भार त्या एका किल्लीवर. कीपासमध्ये आणखी एक सोय आहे, की-फाइल. पासवर्ड पाहिजेच, वर ही फाइलही पाहिजे, तेव्हाच पेटी उघडते. ती फाइल क्लाउडवर ठेवू नका, पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्ह चावीच्या जुडग्यात. आणि तिची आणखी एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाकडं. माझी आईकडं आहे. ती कशाची आहे हे तिला ठाऊक नाही, पण मंगळसूत्राच्या डबीत आहे म्हणजे कुठं जात नाही.

आता पुण्याची गोष्ट. ही ऐकल्याशिवाय उठू नका. शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. १७ एप्रिल २०१८ ला पुणे पोलिसांनी छापे घातले, दिल्लीत रोना विल्सन यांचा कॉम्प्युटर उचलला, जूनमध्ये त्यांना अटक केली. कॉम्प्युटरात पत्रं सापडली असं सांगितलं. पुढं बचावाच्या वकिलांनी त्या कॉम्प्युटरची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडं तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्यात असं म्हटलंय की १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून विल्सन यांना मेल आला, ड्रॉपबॉक्सची लिंक समजून त्यांनी ती उघडली, आणि नेटवायर नावाचा हेर आत शिरला. जवळजवळ बावीस महिने तो आत होता आणि ती पत्रं त्याच वाटेनं लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून टाकली गेली. तपास यंत्रणेनं हा अहवाल मानलेला नाही. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं आत, आणि तोवर आरोपसुद्धा निश्चित झालेले नव्हते.

आणखी ऐका. जून २०२२ मध्ये वायर्ड या अमेरिकन मासिकानं सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या हवाल्यानं छापलं, की या खटल्यातल्या तिघांची मेलखाती फोडून त्यांना एक पर्यायी मेल आणि फोन नंबर जोडून ठेवला होता, आणि तो पत्ता पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याकडं बोट दाखवत होता. पासवर्ड बदलला तरी मागल्या दारानं पुन्हा आत येता यावं म्हणून ही तजवीज. वाचताना मला माझा ठेकेदार आठवला. त्यानंही तेच केलं होतं, फक्त हेर-बीर न घालता, दिवसाढवळ्या, माझ्यासमोर. रिकव्हरी नंबर कुणाचा, हा प्रश्न मुठीएवढा दिसतो आणि त्यात माणसाचं आयुष्य मावतं. आज रात्री गुगलच्या खात्यात शिरा, सिक्युरिटीचं पान उघडा, तिथं लागलेला नंबर आणि मेल तुमचाच आहे का बघा. पीएफलाही बघा. सायबरवाल्याचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

या प्रकरणातून आणखी एक घ्या. मशीनमध्येच हेर बसला असेल तर जगातली कुठलीही पेटी तुम्हाला वाचवत नाही. तुम्ही किल्ली टाइप करता ते तो बघतो. म्हणून कंपनीच्या कॉम्प्युटरवर पेटी उघडायची नाही. सायबरमध्ये उघडायची नाही. अभ्यासिकेतली मशीनं आम्ही पोरांनी स्वतः पुसून लिनक्स टाकलंय, तिथं उघडतो, तरी अर्धा जीव मुठीत. पेनड्राइव्ह विसरला असेल तर मोबाइलवरची पेटी बघून टाइप करा. चार बोटं दुखतील, दुखू देत.

मोबाइलवर बोट टेकवून पेटी उघडते, ही सोय फार आवडते पोरांना. आज्याचा अंगठा शाईत बुडवून घेतला, तुमचा काचेवर टेकवून घेतील. झोपेत घेतील, चौकीत हात धरून घेतील. डोक्यातला शब्द हात धरून काढता येत नाही. अर्थात कायद्याचा दांडा तिथंही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९वं कलम सरकारला कुलूप उघडून मागण्याचा हक्क देतं, नकाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा. पेटी म्हणजे चिलखत नव्हे, एवढं समजून ती वापरा. पण बापाचा पीएफ आणि बहिणीची शिष्यवृत्ती सांभाळायला ती पुरून उरते.

"आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय?" हा प्रश्न विचारणारा प्रत्येक बैठकीत एक तरी असतो. हाच सूर सुप्रीम कोर्टात सरकारी बाजूनं निघाला होता, की खासगीपणा हे पोट भरलेल्यांचं खूळ. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मी कोर्टावर फार भरवसा ठेवणारा नाही, पण एवढं कबूल करतो की ते त्या दिवशी आमच्या बैठकीच्या पुढं होते. ज्याच्याकडं बँकेत चार हजार आहेत त्याचे चार हजार गेले तर महिना जातो. बंगलेवाल्याचे गेले तर तो मॅनेजरला फोन करतो. लपवायचं कुणाला जास्त आहे, सांगा.

आता घरातली घाण. आपल्या एका मंडळाचं, नाव घेत नाही, यूट्यूबचं चॅनेल आहे, मेल आहे, देणग्यांचं खातं आहे. सगळ्यांचे पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात. त्याला आपण 'भाऊ' म्हणतो. भाऊ रुसला की पोस्ट पडत नाही. भाऊ दुसऱ्या गटात गेला आणि सहा वर्षांची भाषणं, फोटो, मोर्च्यांचे व्हिडिओ घेऊन गेला. सभेत आपण वतनदारीविरुद्ध घसा फोडतो, आणि मंडळाचा पासवर्ड म्हणजे भाऊचं वतन! कुणी बोलत नाही. का? तर भाऊनं चळवळीसाठी खस्ता खाल्ल्या. खाल्ल्या असतील. त्या खस्तांच्या बदल्यात किल्लीचं जुडगं मिळत असेल तर पाटलानं तरी काय वाईट केलं होतं?

मंडळाची वेगळी पेटी करा. ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. किल्ली तिघांकडं, तिघांत एक बाई पाहिजेच, आणि तिघं एका घरातले नकोत. यातला एक जण सोडून गेला तर नुसती मोठी किल्ली बदलून भागत नाही. त्याच्याकडं जुनी प्रत असते आणि जुनी किल्ली तिला लागते. ड्राइव्हसुद्धा फाइलच्या मागल्या आवृत्त्या काही दिवस धरून ठेवतं. म्हणून पेटीतला एकेक पासवर्ड बदलायचा, रिकव्हरी नंबर बदलायचा, त्याच रात्री. रुसवेफुगवे नंतर.

दोन ठिकाणी एकाच वेळी पेटी उघडी राहिली आणि दोघांनी काही बदललं, तर क्लाउड गोंधळतं आणि 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची दुसरी फाइल बाजूला टाकतं. घाबरून एक उडवू नका. आमच्या एकानं उडवली आणि नवा पासवर्ड तिच्यातच होता. कीपासएक्ससीमध्ये मर्जची सोय आहे, ती दोन्ही पेट्या ताडून पाहते आणि नवी नोंद राखते. आणि एक पेच आधीच सोडवा. पेटी गुगलवर आणि गुगलचा पासवर्ड पेटीत, असं केलंत तर मोबाइल चोरीला गेल्यावर तुम्ही दाराबाहेर. गुगलचा पासवर्ड पाठ पाहिजे. गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते कागदावर उतरून ट्रंकेत. शेवटी ट्रंक लागतेच.

राहिली मोठी किल्ली. १९९५ साली अर्नॉल्ड राइनहोल्ड नावाच्या माणसानं डाइसवेअर नावाची युक्ती काढली. पाच वेळा फासा टाकायचा, ७७७६ शब्दांच्या यादीतून जो शब्द येईल तो घ्यायचा. असे सहा शब्द. एकमेकांशी संबंध नसलेले, पण पाठ होणारे. अशा जोड्या होतात किती? बावीसवर बावीस शून्यं. शब्द मनानं निवडायचे नाहीत. मनानं निवडले की सगळे 'निळा' आणि 'सूर्य' निवडतात.

यादी इंग्रजी आहे. म्हणून अभ्यासिकेत आम्ही मराठी करायला घेतली आहे, चार फाशांची, १२९६ शब्दांची. यादी छोटी म्हणून सहाऐवजी आठ शब्द घ्यायचे, हिशोब उलट थोडा वरच जातो. इंग्रजी अक्षरांत प्रत्येक शब्दाचं एकच स्पेलिंग ठरवून टाकलंय. नऊशे झाले आहेत. खुरपं, डबा, पाळी, गिलावा, पान्हा, भाकर, नळकोंडाळं, बोनस. पुस्तकी शब्द आणू नका, ते आमच्याकडं भरपूर पडलेत. दर रविवारी संध्याकाळी सहाला बसतो. येताना घरात बोलला जाणारा एकेक शब्द आणा, आणि एक रिकामा पेनड्राइव्ह. फासे माझ्याकडं आहेत.